तांत्रिक पुरस्कारांच्या वेळी चहाला उठणारे प्रेक्षक

मा. संपादक महोदय,

लॉस एंजेलिसमध्ये रविवारी संध्याकाळी होणारा ऑस्कर सोहळा आपल्याकडे सोमवारी पहाटे सुरू होतो आणि तो पाहता पाहता मोबाइलवर शेरेबाजी करणारे कोल्हापुरातही आता कमी नाहीत. हे शेरे मात्र पोशाख, भाषणे आणि अभिनयाचे पुरस्कार यांभोवतीच फिरतात. संकलन, ध्वनी, वेशभूषा यांची नावे पुकारली जाऊ लागली, की मंडळी चहा ठेवायला उठतात. निदान या शहराने तरी असे करू नये. चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः घडवणारे बाबूराव पेंटर इथलेच, आणि भारताला पहिले ऑस्कर मिळवून देणाऱ्या भानू अथैया यांचा जन्मही इथलाच. १९८३ मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना मिळालेला तो पुरस्कार वेशभूषेचाच होता. (२०२१ च्या सोहळ्यातील श्रद्धांजलीच्या चित्रफितीत त्यांचा समावेश होता, पण ती इतक्या वेगाने सरकली, की पापणी लवली असती तरी त्या निसटल्या असत्या.)

दोष केवळ प्रेक्षकांचा नाही. २०२२ मध्ये खुद्द अकादमीनेच संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत यांसह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधी उरकले आणि त्यांची काटछाट केलेली दृश्ये नंतर दाखवली. त्यावर मोठी टीका झाली व पुढच्या वर्षी सर्व विभाग पुन्हा थेट दिसले.

आपल्या दैनिकाने सोहळ्याआधीच्या रविवारी या विभागांतील नामांकनांची, विशेषतः त्यांमागील कामाची, ओळख करून देणारा मजकूर छापावा, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर