कोयता ठेवून एम.ए.ला बसताना

महोदय,

बी.ए. झाल्यावर घरावरची उचल, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला काही हंगाम ऊस तोडला. यंदा अर्थशास्त्रात एम.ए.ला प्रवेश घेतला. प्रवेशाच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न, 'मधली वर्षं काय केलंत?' ऊसतोड म्हटल्यावर 'पुरावा?' मुकादम पगारपत्रक देत नाही, उचल वहीत मांडतो, तेवढंच. शेवटी गॅपसाठी प्रतिज्ञापत्र केलं. टंकलेखकानं त्यात सवयीनं लिहून टाकलं, 'घरी होतो.' पहाटे अंधारात फडात उतरणारा, रात्री-अपरात्री गाडी लागली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा माणूस म्हणे घरी होता!

अभ्यासाचं जमतंय. तीन तास सलग लिहिताना बोटं आखडतात, तेही सुटेल. अडचण वेळापत्रकाची आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्यातच येते. ज्याची उचल फिटलेली नाही, त्यानं 75 टक्के हजेरी कुठून भरायची? नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, मान्य. पण वर्गात बसून प्राध्यापकांशी वाद घालायची हौस आम्हालाही असते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली, चांगलंच झालं. स्वतः कोयता धरलेल्यांचाही विचार व्हावा. ग्रामसेवकामार्फत मिळणारं कामगार ओळखपत्र विद्यापीठांनी गॅपचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावं आणि हंगामात गेलेल्यांना परीक्षेची दुसरी तारीख द्यावी.

– एक विद्यार्थी, केज (जि. बीड)