नदीकाठच्या लाकडी घराविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कोजागिरीनंतरच्या आठवड्यात आपण तिघे हिमाचलात जात आहोत. चंदीगडची विमानाची तिकिटे काढली आहेत आणि तीर्थन नदीच्या काठी, गुशैनीजवळ, एक लाकडी घर पाच रात्रींसाठी घेतले आहे. आधी विचारले असते तर बाबांनी गुडघे पुढे केले असते आणि आई, तू खर्च. म्हणून विचारले नाही. कुल्लूचा दसरा आपल्या दसऱ्याला सुरू होऊन सात दिवस चालतो, ती गर्दी ओसरल्यावरचीच तारीख धरली आहे.

बाबा, नदीकाठ म्हटल्यावर तुमच्या मनात काय आले असेल ते मला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, त्यानंतर तुम्ही नरसोबाच्या वाडीलासुद्धा कधी मुक्काम केला नाहीत, आणि आम्हीही कधी कारण विचारले नाही. पण तीर्थनच्या डोक्यावर धरण नाही. खोऱ्यातल्या लोकांनीच तिच्यावर वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत. पावसाळ्यात ती उग्र होते हे मी लपवीत नाही, आणि म्हणूनच त्या दिवसांत तुम्हाला नेणार नव्हते. आश्विन सरता सरता पाणी उतरते, निवळते आणि तळाचा गोटा न् गोटा दिसू लागतो. शिवाय घर पात्रापासून बरेच वर आहे. तारेवरच्या टोपलीत बसून नदी ओलांडावी लागणारी एक जागा लोक फार वाखाणतात, ती मी मुद्दाम टाळली. आपल्या घरापर्यंत गाडी जाते.

मे महिन्यात मी एकटी तिथे राहून आले, हे तेव्हा सांगितले नाही, त्याबद्दल क्षमा करा. भिंती देवदाराच्या आहेत. उशाकडच्या फळीतल्या एका गाठीतून अजून चीक पाझरतो आणि बोटाला लागला की त्याचा वास दिवसभर जात नाही. पहिल्या रात्री नदीचा आवाज ऐकून पाऊस आला असे वाटले, आणि आई, तुझ्यासारखीच झोपेत उठून मी दोरीवरचे कपडे काढायला धावले. पुन्हा अंथरुणात शिरल्यावर आठवले, की वीज कडाडली की बाबा दोन्ही तळहातांनी माझे कान झाकून बसत.

कमोड आणि गरम पाणी खोलीला लागूनच आहे. उंची महाबळेश्वरपेक्षा थोडीच अधिक आहे, त्यामुळे दम लागण्याची धास्ती नको. मात्र ३,१२० मीटरवरच्या जलोरी खिंडीत जाण्याचा हट्ट बाबांनी धरायचा नाही. आई, मेतकूट घे, पण राजमा-भात आणि तुपात बुडवलेला सिड्डू खाल्ल्यावर त्याची आठवण होईल असे वाटत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीतच ठेवा. कानटोपी न्यायचीच आहे. खोलीतली लोखंडी शेगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या लावून झोपायचे नाही.

बाबा, तुमच्यासाठी नदीच्या विरुद्ध बाजूची खोली सांगितली आहे. आवाज तरीही येईल. मी शेजारच्याच खोलीत असेन आणि मधले दार उघडे ठेवीन.

तुमची,
धाकटी