शिवालिक झिजलेला नाही, वाढतोय

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मसुरीवरचा लेख छान होता, फोटोही मस्त, पण हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिकच्या डोंगरांना ‘हिमालयाची झिजून उरलेली शेपटी’ म्हटलंय ते काही पटलं नाही. उलट हिमालयातला सगळ्यात तरुण भाग तोच आणि तो अजून वाढतोय, दिल्लीहून डेहराडूनला जाणारी आपली मंडळी गाडीच्या खिडकीतून तो बघतातही, फक्त कुणी सांगत नाही म्हणून लक्ष मसुरी कधी येतेय यावरच असतं.

सहारनपूर सोडलं की सगळी सपाट शेती, ऊसबीस, आणि मोहंडला शिवालिकचा डोंगर एकदम समोर उभा राहतो. त्या कडेला जमिनीत मेन फ्रंटल थ्रस्ट नावाचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी तिरकी भेग आहे, त्यावरून डोंगराकडचा खडक मैदानावर सरकत चढतोय. भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, उत्तरेला घुसतेय त्यातलं वर्षाला साधारण २ सेंमी अंतर एकट्या हिमालयात जिरतं, म्हणजे उत्तर-दक्षिण रुंदी तेवढी कमी होते. मग थर करणार काय, वाकतात, घड्या पडतात, तुटून एकमेकांवर चढतात. फावड्याने वाळू ढकलत नेली की मागचा ढीग जाड होतो आणि पुढच्या टोकाला नवीन वाळू उचलली जाते ना, तसंच इथे डोंगराची कड दक्षिणेला सरकत आलीय. मसुरीच्या पायथ्याचा मेन बाउंड्री थ्रस्ट हा असाच भ्रंश आधीचा, मोहंडचा नंतरचा.

मोहंडहून वर जाताना आधी वाळूचा खडक लागतो आणि पुढे डाट कालीच्या बोगद्याच्या आसपास कड्यात नदीतले गोल गुळगुळीत गोटे दिसतात, थरच्या थर, आणि ते डेहराडूनच्या बाजूला कललेले. नदीचे गोटे डोंगरावर कसे? तर हिमालयातून नद्यांनी आणून मैदानात टाकलेला गाळच आहे तो, पुढे ते मैदानच घडीत सापडलं आणि वर उचललं गेलं. मोहंडचा डोंगर म्हणजे वर आलेली घडी, तिच्यामागचा खोलगट भाग म्हणजे डेहराडूनचं खोरं. कॉर्बेटमधलं पाटली दून आणि नेपाळमधलं चितवनसुद्धा याच जातीचं.

आणि हे सगळं हळूहळू गुपचूप होतं असंही नाही, थ्रस्ट अडकून बसतो, ताण साठतो आणि मग एकदम सुटतो. १९०५ चा कांग्र्याचा भूकंप असाच. २०१५ ला नेपाळमध्ये जमिनीखाली थ्रस्ट सरकला पण ते सरकणं पुढच्या कडेपर्यंत पोचलंच नाही, त्यामुळे तिथला ताण अजून शिल्लक आहे असं भूशास्त्रज्ञ म्हणतात. अशा जागेला झिजलेली शेपटी कसं म्हणायचं?

जाता जाता, त्याच पानावरच्या चौकटीत सह्याद्रीही ‘असाच टकरीतून’ तयार झाला म्हटलंय. अहो, हरिश्चंद्रगडचा कोकणकडा बघा की, लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पडलेत, घडीचं नाव नाही, इथे खडक झिजून कडे तयार झालेत. म्हणजे झिजलेला शब्द वापरायचाच होता तर तो इकडे चालला असता!

पुढच्या वेळी मसुरीवर काही छापाल तेव्हा हॉटेलच्या फोटोंमधला एक कमी करून सहारनपूर ते मसुरी असा जमिनीचा उभा छेद छापता आला तर बघा, आमच्या शाळेतल्या पोरांना दाखवता येईल.

आपला नियमित वाचक,
सातारा