२ ऑगस्टनंतरची सात वर्षे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोर्तुगीज सत्तेतून सुटलेल्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे जिवावर उदार होऊन तिकडे गेली, लताबाईंनी पुण्यात गाऊन निधी उभा केला, हे वाचताना आजही ऊर भरून येतो. पण २ ऑगस्ट १९५४ ला तिथले मुख्य गाव सिल्वासा हाती आले आणि लेख तिथेच थांबला. आपल्याकडे नेहमी असेच होते.

तो मुलूख लगेच भारतात आलाच नाही. अप्पासाहेब करमळकर प्रशासक झाले, वरिष्ठ पंचायत ही तिथल्या लोकांची कारभारी सभा उभी राहिली आणि वारली, धोडिया, कोकणा या आदिवासी लोकांच्या या गावांनी सात वर्षे आपला कारभार आपण चालवला. दमणहून भारताच्या हद्दीतून सैन्य न्यायला वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. तिथे कागद निघाले ते पुणे दरबाराचे! १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. बारा हजार रुपये वसुलीची ती गावे. मराठ्यांनी पोर्तुगिजांना दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. इंग्रजी अमदानीत पोर्तुगिजांची सत्ता मान्य झाली होती, हेही नोंदवले. पण सैन्य नेण्याचा हक्क १२ एप्रिल १९६० च्या निकालाने नाकारला.

तीस वर्षे मी इतिहास शिकवला. ‘सरंजाम’ची व्याख्या फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! तो शब्द हेगपर्यंत जाऊन आला हे मला निवृत्तीनंतर कळले, याचे फार वाईट वाटते.

जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. आता भारताशी करार करायचा, तर या मुलखाच्या वतीने सही कोण करणार? त्यासाठी बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचे पंतप्रधान नेमले गेले. कागदावर एका बाजूला त्यांची सही, दुसऱ्या बाजूला नेहरूंची. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली भारताची झाली.

माझी भाची सिल्वासाला असते. तिच्याकडे गेलो असताना खानवेलच्या एका वारली आजोबांशी बोललो. ५४ सालच्या पावसाबद्दल, चढलेल्या नदीबद्दल, रानात लपलेल्या पोर्तुगीज शिपायांबद्दल ते तासभर सांगत होते. त्या वेळी ते दहा-बारा वर्षांचे होते. त्यांच्या वयाची माणसे आता फार उरलेली नाहीत. आपला वार्ताहर तिकडे पाठवा आणि पंचायतीच्या त्या दिवसांबद्दल त्यांच्याकडून ऐकून छापा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डहाणू