काढलेल्या गाठी गेल्या कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल रविवारच्या पुरवणीत आपल्याकडच्या डॉक्टरांच्या आफ्रिकेतल्या शिबिरावर पानभर लेख आलाय. मी तो दोनदा वाचला. ऑपरेशनं किती झाली तो आकडा तुम्ही ठळक छापलात, फोटोही छान आहेत, आणि त्या सर्जन मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, स्वतःची रजा आणि पैसे खर्चून इतक्या लांब जाणं सोपं नाही. पण जे वाक्य मी शोधत होते ते अख्ख्या पानात नाही. त्या काढलेल्या गाठी गेल्या कुठे? कोणी तपासल्या? रिपोर्ट आला तेव्हा पेशंटपर्यंत तो पोचवायला तिथे कोण होतं?

मी 31 वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. रिटायर झाल्यावर आफ्रिकेतल्या मलावी या देशातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा आठवडे विनामोबदला काम करून आले, म्हणून हा प्रश्न मला झोपू देत नाही.

तिथे एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मिनीबसने आली. हातात जॅमची प्लॅस्टिकची बरणी. मुलाच्या मानेला गाठी होत्या, चार महिने टीबीची औषधं चालू होती, कारण तिकडेही आपल्यासारखंच, मानेत गाठ दिसली की आधी टीबीच धरतात. गाठी काही कमी होईनात. मग बाहेरून आलेल्या एका सर्जिकल टीमने त्यातली एक काढली, बरणीत घातली, लॅबला नेऊन द्या म्हणून आईच्या हातात दिली आणि पुढच्या गावी निघून गेली. बरणीत फॉर्मालिन (काढलेला तुकडा सडू न देणारं द्रावण) नव्हतं, सलाइन होतं. दोन दिवस त्या उकाड्यात. झाकण उघडल्याबरोबर वासावरूनच मला कळलं. तरी आम्ही तुकडा मेणात बसवून ब्लॉक केला, स्लाइड केली, स्टेन केली म्हणजे रंगवली. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या, एक न्यूक्लियस धड रंग घेईना. टीबी की लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, काहीच सांगता येईना.

आणि हा फरक साधा नाही हो. डेनिस बर्किट या सर्जननी 1958 साली युगांडातल्या कंपालाहून मुलांच्या जबड्यातल्या ज्या ट्यूमरबद्दल लिहिलं, त्याला पुढे त्यांचंच नाव पडलं, तो लिंफोमा बघता बघता वाढतो, पण वेळेत ओळखला तर केमोथेरपीने चांगला बराही होतो. अशा आजारात टीबीच्या गोळ्यांवर गेलेले चार महिने म्हणजे काय ते मी सांगायला नको. मी त्या बाईला म्हटलं, आमायी (तिकडे बाईला असंच आदराने हाक मारतात), तुकडा परत घ्यावा लागेल. टेक्निशियनने तिकडच्या चिचेवा भाषेत समजावलं. तिने एवढंच विचारलं, पुन्हा कापणार? मी निघेपर्यंत ती परत आली नाही.

त्या टीमकडे टाक्यांचा धागा खोकी भरून होता. एक भाग फॉर्मालिन आणि नऊ भाग पाणी, एवढ्याचा एक कॅन गाडीत ठेवायचं कोणालाच सुचलं नाही.

तुमच्या लेखात लॅब नाहीच, तर लॅबमधली माणसं कुठून असणार! आमच्या तिथल्या टेक्निशियनकडे मायक्रोटोमचं (ब्लॉकचे पातळ काप काढायच्या यंत्राचं) एकच ब्लेड उरलं होतं, त्याची कड सरकवत सरकवत तो सेक्शन, म्हणजे काप, काढायचा. तिकडची वीज मुख्यतः शिरे नदीवर होते, तिचं पाणी कमी झालं की लोडशेडिंग, आणि टिश्यू तयार करणारं मशीन, प्रोसेसर, रात्री मध्येच बंद पडला तर तो पहाटे येऊन टिश्यू हाताने एका द्रावणातून दुसऱ्यात टाकायचा. मी सहा आठवड्यांत परत आले, तो तिथेच आहे. लांब बसून स्लाइडचे फोटो बघून मत देणारे स्वयंसेवक पॅथॉलॉजिस्ट आता बरेच झालेत आणि ते फार मोलाचं काम करतात, पण फोटोसाठी स्लाइडवरची जागा तिथला माणूस निवडतो, ती चुकली तर इथे कितीही मोठा एक्स्पर्ट बसवा, उपयोग नाही.

हे नीट करता येतं हो. मलावीची राजधानी लिलाँग्वे, तिथल्या कामुझू सेंट्रल हॉस्पिटलमध्ये 2011 ला पॅथॉलॉजी लॅब सुरू झाली, तिथले डॉक्टर आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात बसलेले पॅथॉलॉजिस्ट दर आठवड्याला एकत्र स्लाइड बघून केसवर बोलतात. रवांडात बुटारोला 2012 ला कॅन्सर सेंटर सुरू झालं, तेव्हा सुरुवातीला नमुने बॉस्टनला जायचे, नंतर तिथेच लॅब उभी राहिली. गाठ काढली की ती कुठे जाणार, हे अशा ठिकाणी आधीच ठरलेलं असतं.

जाता जाता अजून एक. मथळ्यात तुम्ही ‘आफ्रिका या देशात’ छापलंय. आफ्रिका देश नाही, खंड आहे, पन्नासहून जास्त देश आहेत त्यात. शिबिर नेमकं कोणत्या देशात झालं ते शेवटपर्यंत लेखात कळत नाही. उद्या कोणी ‘आशिया या देशातल्या सांगलीत’ असं छापलं तर आपल्याला चालेल का?

तुमच्या वार्ताहराने त्या टीमला फोन करून विचारावं, किती गाठी हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या तपासणीला, गेल्या आणि त्यातले किती रिपोर्ट पेशंटच्या हातात पडले. जे उत्तर येईल ते छापा. मी रोज पेपर बघतेय.

आपली,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सांगली