माळ्यावरची बंदूक

बर्मिंगहॅम,
रविवार दुपार

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

मी ठीक आहे. हे आधी लिहिते, कारण परवा फोनवर "घरात बंदूक सापडली" एवढंच म्हणाले आणि रेंज गेली. त्यानंतर आईचे चौदा मिस्ड कॉल! माझी नाइट होती गं, फोन लॉकरमध्ये होता. कुणी कुणावर गोळी झाडलेली नाही, पोलीस माझ्या मागे नाहीत आणि व्हिसाला काहीही झालेलं नाही. जेवते वेळेवर. आणि तो कचऱ्याचा संप टीव्हीवर दाखवला तेवढा आमच्या गल्लीत नव्हता. उंदीर मी एकच पाहिला, तोही मला बघून पळाला.

आता बंदुकीचं. पण त्याआधी इथली एक तऱ्हा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथे घराबाहेर गुडघ्याएवढी भिंत असते. घरातली नको असलेली चांगली वस्तू लोक त्या भिंतीवर ठेवतात आणि कागदावर "घेऊन जा" लिहून चिकटवतात. फुकट. पण घेण्याचीही रीत आहे. बेल वाजवून "खरंच नेऊ का" विचारायचं नाही, त्याने म्हणे मालक अवघडतो. थांबून उलटसुलट करून बघायचं नाही. चालता चालता उचलायचं आणि जायचं. पाऊस येणार असेल तर मालक त्यावर प्लास्टिक टाकून जातो. तीन दिवसांत कुणी नेलं नाही तर अंधार पडल्यावर तोच गुपचूप आत घेतो, आपली मुलगी कुणी पसंत केली नाही असं तोंड करून. माझा टेबललॅम्प आणि खुर्ची अशीच आलेली आहे. आई, ही भीक नाही, डॉक्टरसुद्धा नेतात.

तर आमच्या घरमालकीण आजी (ऐंशीच्या पुढच्या आहेत, मुलगा ऑस्ट्रेलियाला) माळा रिकामा करतायत. मंगळवारी मी ड्यूटीवरून आले तर जिन्याशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक टेकवलेलं. म्हणाल्या, हे शनिवारी भिंतीवर ठेवू, सासऱ्यांचं काहीतरी जुनं आहे. घोंगडीचं टोक बाजूला केलं तर लाकडी दस्ता!

बाबा, मी हात मागे घेतला. तुम्ही आयुष्यभर दारूगोळा फॅक्टरीच्या गेटवर काडेपेटी काढून ठेवलीत, त्याचा एवढा तरी परिणाम होणारच. आजींना खुर्चीत बसवलं, मोबाइलने फोटो काढले आणि पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन केला. ते म्हणाले, रस्त्यावर आणू नका, आम्ही येतो. दोन दिवसांनी एक बाई आल्या, त्यांच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ. हे इथल्या गन क्वार्टरमध्ये जन्मभर बंदुका दुरुस्त केलेले. बर्मिंगहॅमचा हा अख्खा भाग बंदुका बनवणाऱ्यांचा होता, आपल्याकडे तांबट आळी असते तसा.

तुम्हाला आवडलं असतं बघायला. आधी नळी भिंतीकडे वळवली. मग चापाच्या मागे जी वाकडी लोखंडी दांडी असते ती खाली ओढली. वरचा ठोकळा पुढच्या बाजूने खाली बसला आणि काडतुसाची जागा उघडी पडली. टॉर्च मारून बघितलं, रिकामी. तेव्हा कुठे मी श्वास सोडला. बाहेरून घोडा नाहीच हिला, सगळं पोटात. उजव्या अंगाला एक थेंबासारखा छोटा काटा असतो, तो उभा की आडवा त्यावरून कळतं आतला घोडा चढलेला आहे का. मार्टिनी-हेन्री म्हणतात हिला. आतलं यंत्र मार्टिनी नावाच्या स्वित्झर्लंडवाल्याचं, नळी एडिंबराच्या हेन्रीची. ब्रिटिश सैन्यात १८७१ पासून. एका वेळी एकच गोळी.

उजव्या बाजूला मुकुट, खाली व्ही. आर., म्हणजे व्हिक्टोरिया राणी, मग एन्फिल्ड, १८७९, आणि मार्क दोन, म्हणजे दुसरा नमुना. पण गृहस्थांनी साल वाचलंच नाही, आधी भिंगातून एन्फिल्डमधलं एन अक्षर बघितलं. खैबर खिंडीकडचे कारागीर हुबेहूब नक्कल करायचे, पण इंग्रजी येत नसल्याने एन उलटा कोरायचे! आमचा एन सुलटा निघाला. त्यांना जरा वाईटच वाटलं, कारण बर्मिंगहॅमची असती तर त्यांच्या गावची. एन्फिल्ड लंडनजवळ. मामाच्या बुलेटवर ती तोफ का असते हे मला आत्ता कळलं. बुलेटवाली मूळ कंपनी इथून अर्ध्या तासावरच्या रेडिचची, एन्फिल्डच्या बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायची, तिथून ते नाव.

मग खरी भीती. घोंगडीच्या घडीतून काडतुसाची एक रिकामी पुंगळी पडली आणि ती .३०३ ची, म्हणजे नंतरच्या बारीक काडतुसाची. पुढे याच सांगाड्यांवर .३०३ च्या नळ्या चढवल्या होत्या. तसली असली तर इथे लायसन लागतं, नसेल तर गुन्हा. जुन्या मोठ्या काडतुसाची असेल तर मात्र, काडतूस कालबाह्य यादीत आणि बंदूक १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची म्हणून, शोभेची वस्तू म्हणून घरात ठेवायला लायसन नको. आजींचा चेहरा पडला. गृहस्थांनी खिशातून व्हर्नियर काढला (खिशातून! तुमची आठवण आली) आणि नळीच्या तोंडाशी लावला. साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. .३०३ आठसुद्धा भरत नाही. आजींनी लगेच सगळ्यांना चहा केला.

चहा पिताना ते सहज म्हणाले, सत्तावननंतर हिंदी शिपायाला मुद्दाम एक पिढी जुनी बंदूक द्यायचे. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत, २७ जुलै १८८० ला, गोऱ्या पलटणीकडे ही मार्टिनी आणि आपल्या बॉम्बे ग्रेनेडियर्सकडे आधीची स्नायडर. माणसं मरायला ताजी, बंदूक शिळी. मी काही बोलले नाही, पण बिस्कीट परत ठेवलं.

आणि ती पुंगळी, बाबा. मी पालथी करून उजेडाला धरली. तळाला के, मध्ये बाण, मग एफ. गृहस्थ म्हणाले, किर्की, इंडिया. म्हटलं, खडकी! माझ्या वडिलांनी तिथल्याच फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली! आजींचे सासरे पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते, तिथून खिशात घालून आणली असणार. बंदूक कुठून आली ते आजींनाही ठाऊक नाही. ती आता लिलावाला जाईल. त्यांनी मला अर्धे पैसे देऊ केले. मी नाही म्हटलं आणि पुंगळी मागितली. (आई, चिडू नकोस, ते पैसे माझे नव्हते.) बरोबर आणता येणार नाही, विमानतळावर रिकामी सापडली तरी आर्म्स अ‍ॅक्टचं लफडं. म्हणून कागद ठेवून शिसपेन्सिलीने तळाचा ठसा घासून काढलाय, पत्रासोबत आहे. आकडे झिजलेत, मला लागले नाहीत.

पैसे शुक्रवारी टाकलेत. त्यात पिंपळे गुरवचा हप्ता, बाबांच्या मोतीबिंदूचे आणि मंडपवाल्याचा अॅडव्हान्स धरलाय. लेन्स चांगली घ्या, स्वस्तातली नको. माझ्याकडे उरतात, विचारू नका किती.

दादाच्या लग्नाची रजा नऊ दिवसच मिळाली. ओव्हरटाइम करून दोन दिवस वाढवायचं बघितलं, नाही जमलं. मी लग्नाच्या पहाटे उतरते, म्हणजे हळद आणि देवक चुकणार. पिंकीला सांगा, हळदीला करवली म्हणून तिनेच उभं राहायचं, माझी हिरवी साडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, ती तिलाच नेसवा. लग्नाला मी उभी राहीन, विमान वेळेवर आलं तर. दादाला मीच सांगते, तुम्ही नका सांगू. आणि संगमनेरच्या त्या स्थळाला मी आल्यावर भेटेन म्हणाले होते, पण नऊ दिवसांत ते कसं बसवायचं? तुम्हीच काहीतरी सांगा त्यांना. नाही म्हणत नाहीये मी.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, ठसा ऑपरेशन झाल्यावर बघा. आत्ता डोळे ताणू नका.