इर्पिनियातल्या जुन्या वेली दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी उरकली, डोळे फुटायची पेस्टही लावून झाली. आता डोळे फुटेपर्यंत थोडी उसंत आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर तुमचे आभार मानले होते, पण ते तुमच्या-माझ्यातच राहिले. तुम्ही मला जे दाखवलंत ते आमच्या भागातल्या बागायतदारांनाही कळायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ऑगस्टच्या सुरुवातीला आमचा गट दक्षिण इटलीतल्या पुलियात आला तो खाण्याच्या द्राक्षांच्या बागा बघायला. मांडवावरचं प्लास्टिक कसं ताणतात, अवकाळीत ते कितपत टिकतं, खर्च किती, हे आमचे प्रश्न. त्यांची उत्तरं मिळाली आणि मंडळी परत फिरली. मी मात्र मागे राहिलो, कारण तुम्ही म्हणालात की इथवर आलात तर शेजारचा इर्पिनिया, वाइनच्या द्राक्षांचा डोंगराळ भाग, बघितल्याशिवाय जाऊ नका. ओळख म्हणावी तर काय, माझ्या भाचीची तुम्ही मैत्रीण, एवढीच. नेपल्सजवळच्या पोर्तिचीत विद्यापीठाच्या कृषी विभागातलं स्वतःचं संशोधन बाजूला ठेवून एका अनोळखी शेतकऱ्यासाठी तुम्ही बसची वेळापत्रकं काढलीत, भेटी ठरवल्यात, उन्हातान्हात हिंडलात आणि प्रत्येक वाक्य मराठीत सांगितलंत. तेही नुसतं सांगितलं नाहीत. मला कळलं की नाही हे दर वेळी विचारून घेतलंत.

अत्रिपाल्दाला मास्त्रोबेरार्दिनो घराण्याच्या तळघरात शिरलो, तेव्हा बाहेरच्या उन्हातून एकदम अंगावर गारवा आला. लाकडी पिंपांच्या रांगा, वर रंगवलेली कमानदार छतं. १८७८ पासून या नावाने वाइनचा व्यवसाय चालू आहे, हे ऐकून मी मान डोलावली होती. जुनी घराणी आपल्याकडेही आहेत. पण पुढे तुम्ही दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट सांगितलीत आणि मी उभ्या जागी थांबलो.

वेलीची मुळं पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा एकोणिसाव्या शतकातच खाल्ल्या होत्या. या डोंगराळ भागात ती उशिरा पोचली आणि तिच्या मागोमाग युद्ध आलं. जुन्या बागा गेल्या, माणसं गेली. नव्याने लागवड करायची तर जो तो त्रेब्बियानो, सांजोवेझे, बार्बेरा अशा जाती लावत होता. पीक भरघोस, खात्रीही जास्त. फियानो, ग्रेको आणि अग्लियानिको या तिथल्या जाती उताऱ्याला कमी पडायच्या. अग्लियानिको तर इतका उशिरा पिकतो की तोडणी ऑक्टोबरअखेर, कधी नोव्हेंबरातच. थंडी आणि पावसाच्या तोंडावर घड वेलीवर ठेवायचे म्हणजे काय जिवाची घालमेल होते, ते कुठल्याही बागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. अशा वेळी आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी याच तीन जाती धरून ठेवल्या. आज फियानो दी अवेल्लिनो, ग्रेको दी तुफो आणि अग्लियानिकोची ताउराझी या तिन्ही वाइनना इटलीचा सर्वात वरचा दर्जा आहे. ताउराझीला तो १९९३ साली मिळाला, बाकी दोघींना २००३ साली. म्हणजे युद्धानंतर जवळजवळ अर्धं शतक जावं लागलं. दरम्यान १९८० च्या नोव्हेंबरात मोठा भूकंप झाला. जवळपास तीन हजार माणसं गेली, गावंच्या गावं बसली. त्यातूनही ते उभे राहिले. २०१४ साली आंतोनियो गेले. आता त्यांचे चिरंजीव पिएरो कारभार बघतात आणि ते विद्यापीठात प्राध्यापकही आहेत, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत.

मला मात्र तळघरापेक्षा त्यांची मिराबेल्ला एक्लानो गावची बाग जास्त आठवते. पुलियात आम्ही गोड झालेली द्राक्षं खाऊन आलो होतो आणि इथे त्याच आठवड्यात अग्लियानिकोचे मणी अजून हिरवे, दगडासारखे कडक. तिथल्या जुन्या वेलींचं खोड मांडीएवढं जाड, साल धाग्याधाग्याने सुटलेली, आत एका बाजूने पोकळ. तरी वर ओलांड्यावर काड्या जोमदार आणि पानं तुकतुकीत. मी सवयीने खाली वाकून कलमाची गाठ शोधायला लागलो. आमच्याकडे डॉगरिज या खुंटावर भरलेला डोळा जिथे जुळतो तिथे खोडाला फुगा असतो, ते बघायची हाताला सवयच आहे. इथे गाठ नव्हती. मातीपासून शेंड्यापर्यंत एकच झाड. बिनखुंटाच्या, फायलोक्सेरा येण्याआधीच्या वेली आहेत या, असं तुम्ही म्हणालात, आणि मी हात काढून घेतला. ज्वालामुखीच्या राखेच्या भुसभुशीत, रेताड मातीत त्या किडीला हालचाल करता येत नाही, म्हणून अशा काही वेली वाचल्या. हे कारण तुम्ही तिथेच मातीची मूठ उचलून दाखवलंत.

त्यानंतर बांधावर बसून तुम्ही जे समजावलंत, त्यासाठी मुख्य करून हे पत्र आहे. मला वाटत होतं, जुनी जात जपणं म्हणजे जुनं झाड तोडायचं नाही, बस्स. पण झाड एक ना एक दिवस जाणारच. जपायचं ते त्याचं वाण. जुन्या बागेतली प्रत्येक वेल थोडी वेगळी असते. कुणाचा घड सुटा, कुणाची साल जाड, कुणी चार दिवस आधी पिकते. आधी वर्षानुवर्षं नोंदी करून अशा वेली हेरायच्या. मग त्यांना विषाणू नाहीत ना ते प्रयोगशाळेत तपासायचं. काड्या वेगळ्या लावून वाढवायच्या. प्रत्येकीची वाइन छोट्या भांड्यांत स्वतंत्र करून चाखायची. आणि हे एका हंगामावर सोडायचं नाही, पाऊसपाण्याची बरी-वाईट वर्षं त्यावरून जाऊ द्यायची. असं निवडलेलं वाण पुन्हा बागेत येतं, तेव्हा त्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वेलीचं रक्त असतं आणि आजची तपासणीही असते. एकाच ओळीत आजोबांची पद्धत आणि सूक्ष्मदर्शक, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी पोंपेई, राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर. मी तिथे भांडी, भिंती, रस्ते बघायच्या तयारीने आलो होतो. तुम्ही थेट लंबगोल खुल्या प्रेक्षागृहाजवळच्या बागेत नेलंत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, राख आणि हलक्या दगडांचा थर बसला. खालची मुळं कुजून गेली, पण त्यांची पोकळी तशीच राहिली. विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन संशोधक बाईंनी त्या पोकळ्यांतले खडे काढले, आत सिमेंट ओतलं, सुकल्यावर भोवतालची माती काढली आणि मुळाचा साचा हातात आला. द्राक्षाचं मूळ कसं तिरकं वळतं, शेजारी आधाराचा खांब कुठे होता, सगळं त्या साच्यातून कळलं. वेलींमधलं अंतर चार रोमन फूट, म्हणजे आपले चार फूटच जवळजवळ. मी लगेच पावलं टाकून मोजलं, ते बघून तुम्ही हसलात. त्याच जागी १९९६ पासून मास्त्रोबेरार्दिनो यांनी पुरातत्त्व खात्याबरोबर वेली पुन्हा उभ्या केल्या. प्लिनी आणि कोलुमेल्ला या रोमन लेखकांचे लॅटिन ग्रंथ, भिंतींवरची चित्रं आणि प्रत्यक्ष लागवडीचे प्रयोग यांची सांगड घालून पिएदिरोस्सो आणि शाशिनोझो या स्थानिक जाती निवडल्या. २००१ च्या हंगामाची पहिली वाइन निघाली, तिला विल्ला देई मिस्तेरी असं नाव दिलं. तो प्लिनी त्याच स्फोटात, जवळच्या स्ताबियेच्या किनाऱ्यावर वारला, हे तुम्ही सांगितल्यावर मला त्याच्या यादीतल्या द्राक्षांच्या जाती वेगळ्याच वाटायला लागल्या.

ताई, परतीच्या विमानात मी आमच्याच गावाचा विचार करत होतो. आमच्याकडे वाइनसाठी शिराझ, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, सगळ्या फ्रान्सकडच्या. खाण्याचं थॉम्पसनही बाहेरचंच. आणि ज्याला आमचे आजे 'आपलं' द्राक्ष म्हणायचे ते भोकरी, फकडी, दौलताबादची पांढरी साहेबी, यांचेही पूर्वज कधीतरी बाहेरूनच आले असणार. पण ते इतक्या पिढ्या इथल्या पावसात तगले की त्यांना परकं म्हणणं मला पटत नाही. बियांचं द्राक्ष बाजाराला नको झालं आणि हे मांडव उतरले. कुणाला दोष द्यावा असं त्यात नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता.

आणि डोळस निवड आपल्याकडे झालीच नाही असंही नाही. तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून तास-ए-गणेश काढली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस शोधली. एका वेलीवर वेगळा मणी दिसला आणि त्यांनी तो सोडला नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात जातींचा संग्रहही आहे. म्हणजे नजर आपल्याकडे आहे, संस्थाही आहे. इर्पिनियात बागायतदार आणि संशोधक एकाच बागेत रोज भेटतात, तसं आपल्याकडे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात तुम्ही घातलीत.

नुसती डोक्यात राहू नये म्हणून कामालाही लागलोय. आमच्या चुलत्यांच्या विहिरीवर एक जुनी वेल आहे, पोरांनी खायची म्हणून ठेवलेली. भोकरी आहे असं घरातले म्हणतात, पण तुमच्या शिकवणीप्रमाणे तपासणी होईपर्यंत मी तसं लिहिणार नाही. तुम्ही पाठवलेल्या तक्त्याप्रमाणे वही केली आहे. शेंडा कसा, पानाची खालची बाजू लवदार की गुळगुळीत, फुटवा कधी, फुलोरा कधी, भुरी रोग किती, डावणी रोग किती. शेजारच्या दोन गावांतल्या मंडळींनीही अशा वेली कळवल्या आहेत. एका आजींनी तर परसातली वेल दाखवताना आधी चहा पाजला, मग तासभर तिची हकिगत सांगितली. तीही वहीत उतरवली आहे, कारण तुम्ही म्हणाला होतात की वेल कुणी, कुठून आणली हे सांगणारी माणसं वेलीच्या आधी जातात.

रात्री-अपरात्री मी फोटो पाठवतो आणि तुम्ही न कंटाळता उत्तरं देता. इटलीत तेव्हा तुमची जेवायची वेळ असते, हे मला उशिरा लक्षात आलं. तुमच्या मार्गदर्शकांनाही माझा नमस्कार सांगा. आणि मिराबेल्लाच्या बागेतल्या त्या म्हाताऱ्या कामगारांना सांगा, की त्यांनी माझ्या हातात दिलेली छाटणीची कात्री मला फार आवडली. हाताला बरोबर बसली होती.

एप्रिलच्या छाटणीत विहिरीवरच्या वेलीच्या काड्या घेणार आहे. कुठल्या जाडीच्या घ्यायच्या, किती डोळ्यांवर कापायच्या आणि तपासणीसाठी कशा बांधून पाठवायच्या, तेवढं सवडीने कळवा. सुट्टीला घरी याल तेव्हा आधी आमच्याकडे उतरा. बाग तोडणीला आलेली असेल, वहिनींनी तुमच्यासाठी मनुके वेगळे काढून ठेवायचं आत्ताच ठरवलंय.

आपला,
दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार